ज्याचा आकडा, त्याच्या हाती

गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपणं करणाऱ्या कित्येक सुइणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. आणि मुलाचा जीव वाचवायचा तर मोजता येणं भाग होतं. लहान मुलाला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ श्वास घेऊ लागलं किंवा त्याहून मोठं मूल पन्नासावर गेलं, की धोका समजायचा. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत हे मोजतात. सुइणीकडे घड्याळ नव्हतं आणि साठपर्यंतची उजळणीही नव्हती.

तिथेच काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी यावर एक साधं उपकरण बनवलं. मिनिटभरात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी: एक तान्ह्या बाळासाठी, दुसरी मोठ्या मुलासाठी. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, पोटाची हालचाल बघत दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात करायची. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर मुलाला न्यूमोनिया आहे असं धरून औषध सुरू करायचं. १९९२ साली त्यांनी हे उपकरण शोधनिबंधातून वैद्यकीय जगापुढे मांडलं.

यात शास्त्राला कुठेही कात्री लागलेली नाही. साठ श्वास साठच राहिले. फक्त ते अशा रूपात आले की निरक्षर बाईला स्वतःच्या बोटांनी मोजता यावेत आणि त्यावरून पुढचं पाऊल स्वतः ठरवता यावं. आकडेवारी सामान्य माणसापर्यंत कशी न्यायची, याची चर्चा हल्ली बरीच होते. पत्रकार, सरकारी खाती, स्वयंसेवी संस्था, कंपन्या सगळेच म्हणतात की आकड्यांची गोष्ट सांगता आली पाहिजे. पण गोष्ट सांगायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे रंगीत आलेखांपेक्षा अशा उदाहरणांतून जास्त चांगलं कळतं.

मोठे आकडे अंगाला का लागत नाहीत

अर्थसंकल्पाच्या दिवशी बातम्यांत लाख कोटींचे आकडे धो-धो वाहतात. एक लाख कोटी म्हणजे एकावर बारा शून्यं. ही रक्कम डोळ्यांसमोर आणता येईल असा माणूस विरळा. देशाच्या लोकसंख्येने भागलं, तर ती माणशी सातशे रुपयांच्या आसपास येते, म्हणजे पाच जणांच्या घराला साडेतीन हजार. आता तिच्याबद्दल प्रश्न विचारता येतो: एखाद्या योजनेवर माझ्या घराच्या वाट्याचे साडेतीन हजार खर्च झाले, त्या बदल्यात काय मिळालं? आकडा तोच आहे, पण आता त्याच्याशी वाद घालता येतो.

माणसाच्या मनाचा हा स्वभाव संशोधकांनी तपासूनही पाहिला आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. सहभागी लोकांना पाच-पाच डॉलर दिले आणि आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी त्यातलं काही द्यायची विनंती केली. काहींना मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीची हकिगत वाचायला दिली. काहींना लाखो भुकेल्या लोकांची आकडेवारी दिली. मुलीची हकिगत वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. ज्यांना मुलीची हकिगत आणि आकडेवारी दोन्ही दिलं, त्यांनी १.४३ डॉलर दिले. मुलीविषयी जी कळकळ वाटत होती, तीसुद्धा आकड्यांनी साठ टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली.

या निष्कर्षावरून काहींनी सोपा धडा काढला: आकडे बाजूला ठेवा, एक चेहरा दाखवा. वर्गणी गोळा करायची असेल तर हे चालेलही. पण एका मुलीच्या हकिगतीवरून धान्य कुठे कमी पडतंय, किती कमी पडतंय आणि गेल्या वर्षीपेक्षा स्थिती सुधारली की बिघडली, हे कळत नाही. धोरण ठरवायला, सरकारला जाब विचारायला आकडाच लागतो. हकिगत आणि आकडा नुसते शेजारी ठेवून भागत नाही, हे प्रयोगाने दाखवलं. दोन्ही एकमेकांत गुंफावे लागतात.

एका गणिताच्या प्राध्यापकाची तुलना

हे गुंफण्याचं काम दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत एका गणिताच्या प्राध्यापकाने केलं होतं. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि विज्ञान शिकवत. तिथे प्राध्यापकपदी नेमले गेलेले ते पहिले भारतीय. हिंदुस्थान ब्रिटिश अमलाखाली सुखी होतो आहे, असं राज्यकर्ते सांगत होते, तेव्हा दादाभाईंनी सरकारचेच अहवाल उघडले. प्रांतवार पिकांचं उत्पन्न, भाव, मीठ, खाणी, उद्योग यांची बेरीज केली, लोकसंख्येने भागलं आणि उत्तर काढलं: माणशी वर्षाला वीस रुपये. १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला.

वीस रुपये म्हणजे कमी की जास्त? लंडनमधल्या खासदाराला यावरून काहीच कळणार नव्हतं. म्हणून दादाभाईंनी एक तुलना शोधली आणि तीही सरकारच्याच कागदांतून. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला किती खर्च करतं, हे तुरुंग खात्याच्या अहवालांत छापलेलं होतं. मुंबई इलाख्यात माणशी उत्पन्न सुमारे २२ रुपये येत होतं आणि कैद्यावरचा खर्च सुमारे ४७ रुपये होता. इतर प्रांतांतही गुन्हेगाराच्या पोटाला लागणारा खर्च प्रामाणिक कष्टकऱ्याच्या उत्पन्नाहून जास्त निघाला. शिवाय हे वीस रुपये सरासरीचे. त्यातला मोठा वाटा वरच्या थराकडे जाणार, म्हणजे गरिबाच्या हाती वीसही पडणार नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिलं.

या तुलनेत एक शब्दही भावनेचा नाही. कुणाच्या डोळ्यांतले अश्रू नाहीत, उपाशी मुलाचं वर्णन नाही. पण कैदी आणि शेतकरी एका ओळीत आले आणि वाचणाऱ्याच्या मनात गोष्ट आपोआप तयार झाली: या राज्यात चोरी करून तुरुंगात गेलेला माणूस शेत कसणाऱ्यापेक्षा चांगलं जेवतो. दादाभाईंची आकडेमोड नंतरच्या अर्थतज्ज्ञांनी अनेक बाजूंनी तपासली. तुलनेचा तो वार मात्र स्वातंत्र्याच्या चळवळीने पुढे कित्येक वर्षं वापरला.

त्याच सुमारास, १८७६-७७ च्या दुष्काळात, पुण्याची सार्वजनिक सभा दख्खनच्या जिल्ह्यांतून माहिती गोळा करत होती. धान्याचे भाव, पिकांची स्थिती, गुरांची अवस्था, सोडून गेलेली माणसं हे सगळं टिपून सभेने सरकारला सविस्तर वृत्तांत पाठवले. सरकार दुष्काळी कामावरची मजुरी कमी करत असताना त्या मजुरीत माणूस जगतो की नाही, हा प्रश्न या वृत्तांतांमुळे कागदावर आला.

एक मिलिमीटर म्हणजे किती टँकर

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. आज २२ मिलिमीटर पाऊस झाला, असं बातम्यांत ऐकतो आणि विसरतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारच्या ग्रामसभेत मात्र या मिलिमीटरवरून गाव वर्षभर काय पेरणार, हे ठरतं.

मुळात हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर तोच पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, पाणीटंचाईच्या गावांत फिरतो तसा एक टँकर. हिवरे बाजारचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे गावावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ९७६ टँकर पाणी आभाळातून उतरलं. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या अवर्षणग्रस्त गावात तरीही जवळपास चार लाख टँकर पाणी येतं. त्यातलं बरंच उन्हाने उडून जातं, काही ओढ्याने वाहून जातं, काही जमिनीत मुरतं. किती मुरवायचं आणि मुरलेलं कशावर खर्च करायचं, एवढंच माणसाच्या हातात आहे.

१९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने आधी पाणी अडवलं, डोंगरावर चर खोदले, झाडं लावली. मग पाण्याचा ताळेबंद सुरू केला. गावात पर्जन्यमापक आहे, पाण्याची पातळी बघायला ठरवलेल्या विहिरी आहेत. पावसाळा संपला की किती पाणी जमा झालं आणि किती खर्च करता येईल, हे ग्रामसभेपुढे मांडलं जातं. पहिलं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग शेतीचं. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. ऊस आणि केळी गावाने बंद केली आणि शेतीसाठी विंधन विहीर घ्यायला मनाई केली.

उसावरची बंदी एखाद्या शेतकऱ्याला पटवून द्यायची असेल, तर हाच टँकरचा हिशेब पुढे नेता येतो. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं. म्हणजे एका हेक्टर उसाला दोन हजार टँकर, दोन कोटी लिटर. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोजचं ५५ लिटर पाणी धरलं आहे. त्या हिशेबाने एका हेक्टर उसाच्या पाण्यात हजार माणसांचा घरगुती वापर वर्षभर भागतो. बाजरी उसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात होते. ज्या गावाची लोकसंख्या हजार-बाराशे आहे, तिथे हे वाक्य पारावर बसलेल्या कुणालाही समजतं, आणि ज्याला पटत नसेल त्याला कागद-पेन्सिल घेऊन तपासताही येतं.

आकड्याची गोष्ट चांगली की वाईट, याची कसोटी इथे सापडते. ऐकणाऱ्याला ती स्वतःच्या मापात उलगडता आली पाहिजे आणि चुकली असेल तर पकडताही आली पाहिजे. नुसती भुरळ घालणारी गोष्ट ऐकणाऱ्याला मान डोलवायला लावते. हिशेब देणारी गोष्ट त्याला प्रश्न विचारायला लावते.

गावाला जे दिसत नाही

कधी कधी उलटंही घडतं. गोष्ट गावाला माहीत असते, आकडा माहीत नसतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गडचिरोलीच्या खेड्यांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी साठच्या आसपास बाळं महिनाभरही जगत नव्हती. हजारी साठ हा दर तज्ज्ञांच्या कामाचा. गावाच्या दृष्टीने पाहिलं तर हजार वस्तीच्या गावात वर्षाला पंचवीस-तीस बाळंतपणं होतात. म्हणजे वर्षाकाठी एखाद-दुसरं बाळ दगावणार. ज्या घरात ते गेलं त्या घरावर आभाळ कोसळतं, पण गावाला ती एक सुटी घटना वाटते. बाहेरचं काहीतरी लागलं, दिवस वाईट होते, नशीब असं म्हणून ती विसरली जाते. अनेक गावांतल्या मृत्यूंची बेरीज करून कारणं नोंदवली, तेव्हा दिसलं की जंतुसंसर्ग, कमी वजन, गुदमरणं, गार पडणं अशी मोजकी कारणं पुन्हा पुन्हा येत होती आणि त्यातली बरीच टाळता येण्यासारखी होती. बंग दांपत्याने ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात ही पद्धत आली.

याच बंग दांपत्याचा गडचिरोलीतला एक सुरुवातीचा अभ्यास सिकल सेल या रक्तदोषावर होता. आदिवासींमध्ये हा दोष मोठ्या प्रमाणावर आहे, हे त्यातून सिद्ध झालं. विज्ञान पक्कं होतं, पण लोकांनी त्यात फारसा रस दाखवला नाही. तो प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता. लहान मुलं का मरतात, हा प्रश्न मात्र त्यांचा होता. अभय बंग यांनी हा अनुभव पुढे अनेकदा सांगितला आहे. आकडेवारी समजावून सांगण्याची धडपड करणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असा आहे, कारण ज्याला प्रश्नच पडलेला नाही त्याच्यापुढे उत्तर कितीही रंगवून मांडलं तरी ते कानाआड जातं.

पुढे २००१ साली महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागांत बालमृत्यूंची नोंद केली. सरकारी नोंदीत येतात त्याहून बरेच जास्त मृत्यू होत असल्याचं त्यांना आढळलं. अहवालाला त्यांनी नाव दिलं 'कोवळी पानगळ'. आतल्या तक्त्यांकडे कुणी वळलं नसतं, पण हे नाव वर्तमानपत्रांनी उचललं, विधिमंडळापर्यंत विषय गेला आणि सरकारला बालमृत्यूंचा आढावा घ्यायला अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. नावामागे दारोदार जाऊन केलेली मोजणी होती, म्हणून सरकारला ते झटकून टाकता आलं नाही.

मोजणीतून सुटलेली माणसं

पत्रकार पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' हे पुस्तक मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत फिरून त्यांनी योजनांच्या आकड्यांची आणि माणसांच्या जगण्याची सांगड घातली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहितानाही त्यांनी तीच पद्धत ठेवली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९९५ पासून या आत्महत्यांची वेगळी नोंद करत आला आहे. २००९ साली तो आकडा १७,३६८ होता. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार केला की उत्तर येतं: दर अर्ध्या तासाला एक. एवढी आकडेमोड शाळकरी मुलालाही करता येईल, पण ती केल्यावर वर्षाअखेरीस येणारी बातमी रोज घडणारी गोष्ट होते.

साईनाथ यांनी त्याच आकड्यांतली एक मोठी फट दाखवली आणि ती जास्त महत्त्वाची आहे. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा बहुधा नसतो. तिने जीव दिला तर कागदोपत्री ती शेतकरी ठरत नाही. शेतकऱ्याची बायको किंवा घरकाम करणारी म्हणून तिची नोंद वेगळ्या रकान्यात जाते. सातबारा नसलेली कुळं आणि आदिवासी शेतकरी यांच्याबाबतही हेच होतं. तक्ता कितीही नीटनेटका असला, तरी त्याच्या रकान्यांत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. यवतमाळच्या एखाद्या घरात जाऊन विधवेशी बोलल्याशिवाय ते लक्षात येत नाही. आकड्याला चेहरा देणं एवढंच गोष्टीचं काम नाही. आकडा कुठे अपुरा आहे, हे दाखवणं हेही तिचंच काम आहे.

चौकात वाचलेला हजेरीपट

राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने हे काम पुढच्या पायरीवर नेलं. अरुणा रॉय, शंकर सिंह आणि निखिल डे यांनी १९९० मध्ये ही संघटना उभी केली. दुष्काळी कामांवर मजुरांना किमान मजुरी मिळत नव्हती. मागायला गेलं की हजेरीपटावर काम कमी दिसतंय, असं उत्तर मिळायचं. हजेरीपट दाखवा म्हटलं की तो सरकारी गुपित व्हायचा.

कार्यकर्त्यांनी खटपट करून काही कागद मिळवले आणि २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात पहिली जनसुनवाई घेतली. पद्धत अगदी साधी होती. लोकांना मांडवात बोलवायचं आणि हजेरीपट मोठ्याने वाचायचा. अमुक नाव, अमुक दिवस काम, अमुक रुपये मजुरी. ज्याचं नाव आलं तो उठून सांगायचा की या कामावर मी गेलोच नव्हतो. काही नावं हयात नसलेल्या माणसांची निघाली. बिलांत दाखवलेलं सामान गावात आलंच नव्हतं. तोवर हा भ्रष्टाचार सगळ्यांना मोघम ठाऊक होता. कागद वाचला गेल्यावर तो रुपयांत आणि नावानिशी उभा राहिला. अडाणी म्हणवले जाणारे मजूर सरकारी हिशेबाची तपासणी करू लागले. शंकर सिंह कठपुतळ्या आणि नाटकं घेऊन गावोगाव फिरत, त्यामुळे जनसुनवाईला यायच्या आधीच लोकांना विषय उमगलेला असे.

'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही या चळवळीची घोषणा. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. देशातल्या इतर चळवळींचीही त्याला जोड मिळाली आणि २००५ साली माहितीचा अधिकार कायदा आला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडून होणारं सामाजिक अंकेक्षण बंधनकारक केलं.

आज पंचायतीचे कितीतरी आकडे ई-ग्रामस्वराजसारख्या संकेतस्थळांवर उघडे पडलेले आहेत. वित्त आयोगाचा निधी किती आला, कोणत्या कामावर किती खर्च दाखवला, हे मोबाइलवर बघता येतं. पण ते रकान्यांत आहे, खात्यांच्या सांकेतिक नावांत आहे, त्यामुळे गावातली फार थोडी माणसं तिथवर पोहोचतात. एखाद्या शिक्षकाने, पदवी घेऊन गावात राहिलेल्या मुलीने किंवा स्थानिक वार्ताहराने त्यातली दहा कामं निवडून ग्रामसभेत वाचली तरी बरंच काही होऊ शकतं: मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंतचा रस्ता किती मीटरचा, त्यावर किती रुपये खर्च दाखवले, दर मीटरला किती पडले, शेजारच्या गावात तेच काम कितीला झालं. रस्ता किती मीटरचा आहे, हे मोजायला फक्त एक टेप लागतो, आणि तो धरायला दोन माणसं.